ब्रेक नादुरुस्त, चार्जशीट क्रेन ड्रायव्हरला!



अभनपुरची अडीच फुटी छोटी लाईन गेली. 2025 मध्ये रायपूरकडे ब्रॉडगेजवर मेमू धावू लागली, त्याचा आनंदच आहे. परंतु साहेबांची नजर मात्र अजून अडीच फुटीच! यंत्र बिघडले की आधी माणूस शोधायचा, बिघाड मागाहून.

आमच्याकडच्या एका कारखान्यात ओव्हरहेड क्रेनवरून चाकांचा जोड घसरला. नशीब, खाली कोणी नव्हते. संध्याकाळच्या आत ड्रायव्हरच्या हातात एसएफ-5. आरोप, निष्काळजीपणा. ब्रेक उघडून पाहिला कोणी? कोणीही नाही!

मी मॅट्रिक शिकलेला, मुळात फिटर. क्रेनचा ब्रेक स्प्रिंगने आवळला जातो आणि विजेने सुटतो. वीज गेली तरी भार लटकत राहावा, म्हणून ही रचना. तेव्हा भार घसरला तर आधी पाहावी सैल झालेली स्प्रिंग, झिजलेले किंवा तेल लागलेले लायनर, जाम झालेल्या पिना. आणि हल्ली नव्या ड्राइव्हचे सेटिंगसुद्धा. मोटरने जोर धरण्याआधी ड्राइव्हने ब्रेक सोडला तर भार खाली येणारच. ड्रायव्हरच्या हातात फक्त बटण असते, सेटिंग नव्हे.

याच्या उलटही घडते. ब्रेक सुटतच नाही, मोटर ओढते, तापते, ड्राइव्ह ओव्हरकरंट दाखवून बंद पडतो. हुकूम येतो, मोटर बदला! एका ठिकाणी अशा दोन मोटारी बदलल्या. शेवटी एका जुन्या इलेक्ट्रिशियनने मीटर थेट ब्रेकच्या टर्मिनलवर लावला. कॉइलची वीज मोटरच्या टोकांवरून घेतलेली. पूर्वी ते चालून जात असे. ड्राइव्ह बसल्यावर कमी वेगात तिथे व्होल्टेजच कमी, ब्रेक उचलणार कसा? कॉइलला स्वतंत्र सप्लाय दिला आणि काम झाले. तो इलेक्ट्रिशियन निवृत्त झाला, त्याची जागा सरेंडर केली, काम ठेकेदाराकडे गेले. ठेकेदाराचा पोरगा ब्रेकची गॅप डोळ्याने मोजतो. त्याला दोष देऊ नका, त्याला फीलर गेज कोणी दिलेलाच नाही.

टपालातील बंधूंना वाटेल, आपला काय संबंध? तुमच्या पोत्यांची लिफ्ट याच जातीच्या ब्रेकवर उभी राहते!

1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम 29 ने उचल-यंत्रांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी आणि तिची नोंद बंधनकारक केली होती. आता कायद्यांच्या जागी संहिता आल्या. गुरुत्वाकर्षण मात्र कोणी बदललेले नाही.

चौकशीत आम्ही तीनच गोष्टी मागितल्या. गॅप शेवटची कधी मोजली, लायनर कधी बदलले, ड्राइव्हच्या सेटिंगला हात कोणी लावला. लेखी उत्तर आले, रजिस्टर सापडत नाही. ते उत्तर आम्ही बचावाच्या कागदांत पहिल्या क्रमांकावर लावले आहे.