मदत की उचल?

ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून घेतो ती उचल. पुढे ती मजुरीतून वळती होते. मदतीचं तसं नसतं, ती दिली की दिली. कोरोनाकाळात अमेरिकी सरकारने दोन्ही वाटल्या, आणि लोकांनी दोन्हींना मदतच म्हटलं. मग २०२२ मध्ये रिटर्न भरताना अनेकांनी विचारलं, ‘रिफंड कमी का आला?’

आधी आले ते तीन हप्ते: पात्र माणसामागे जास्तीत जास्त १,२०० डॉलर, मग ६००, मग २०२१ मध्ये १,४००. कागदावर हीसुद्धा आगाऊ करसवलतच होती. पण हे पैसे उत्पन्नात धरले गेले नाहीत. कमी मिळाले असतील तर उरलेले रिटर्नमध्ये मागता येत. त्या वर्षी उत्पन्न वाढलं म्हणून जास्तीचे परत मागितले गेले नाहीत. रिफंडला धक्का नाही.

मुलांसाठीची सवलत मात्र खरी उचल होती. २०२१ पुरती ती सहा वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० आणि सतरापर्यंतच्या मुलामागे ३,००० डॉलर झाली. त्यातली निम्मी जुलै ते डिसेंबर दरमहा हातात पडली. चार वर्षांच्या मुलामागे सहा महिन्यांत १,८०० मिळाले, रिटर्नमध्ये उरले १,८००. आधीच्या वर्षी २,००० पर्यंतची सवलत एकदम मिळे. म्हणजे एकूण पैसे जास्त मिळूनही रिफंड घटलेला दिसणार. ज्या घराचं वर्षभराचं थकलेलं देणं रिफंडवर फिटतं, त्याला हे गणित ऐकवून काय उपयोग?

घटस्फोटित आईबापांत तर खरंच अन्याय झाला. मूल एका वर्षी आईच्या रिटर्नमध्ये, पुढल्या वर्षी बापाच्या, अशी वाटणी असे. हप्ते २०२० च्या रिटर्नवरून गेले, हक्क २०२१ चा दुसऱ्याचा. कमी उत्पन्न असेल तर वसुलीतून सूट होती, बाकीच्यांच्या अंगावर ती आली.

माझा आक्षेप दरमहा देण्याला नाही. दूध आणि भाडं महिन्याच्या महिन्यालाच लागतं. पण उचल देताना ती उचल आहे, हे ठळकपणे सांगायला हवं होतं. सरकारी पत्रं गेली, हे खरं. बँकेच्या नोंदीत मात्र ‘चाइल्ड सीटीसी’ एवढंच दिसे. त्यातून कुणाला काय कळावं?

तिथल्या मराठी घरांनाही याची झळ लागली. मार्च २०२० च्या कायद्यात एकत्रित रिटर्न भरणाऱ्या जोडप्यापैकी एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तर सहसा दोघांनाही काही मिळत नसे. डिपेंडंट व्हिसावरच्या कितीतरी बायकांकडे तो नंबर नसतो. डिसेंबरमध्ये कायदा सुधारला, नंबर असलेल्या जोडीदाराचा वाटा मोकळा झाला. पण तो रिटर्नमध्ये मागावा लागे.

आणि न मागणारे किती निघावेत! २०२१ च्या रिटर्नमध्ये ती ओळ कोरी सोडलेल्या किंवा तिथे शून्य भरलेल्या सुमारे दहा लाख लोकांना आपण होऊन पैसे पाठवत असल्याचं कर खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. रक्कम अंदाजे २४० कोटी डॉलर. हे सगळे रिटर्न भरणारे होते. ज्यांनी भरलंच नव्हतं त्यांच्या हातात १५ एप्रिल २०२५ पर्यंतचीच मुदत उरली होती.