विश्लेषण : घरचं जेवण स्वस्त पडतं, पण नेमकं कोणाला?

महिनाअखेरीला यूपीआयचा हिशेब उघडला, की शहरातल्या बहुतेक घरांत एक छोटी खडाजंगी होते. रविवारचं हॉटेल, ॲपवरून मागवलेली बिर्याणी, ऑफिसखालचा वडापाव असं सगळं मिळून आकडा डोळ्यांत भरतो. मग फर्मान निघतं, ‘पुढच्या महिन्यात बाहेरचं बंद, सगळं घरीच करायचं.’ फर्मान काढणारी आणि ते अमलात आणणारी व्यक्ती बहुतेक वेळा वेगळी असते. घरचं जेवण स्वस्त आहे का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे. पण ही बचत कोणाच्या कष्टांवर होते, हे क्वचितच विचारलं जातं.

घरची थाळी कितीला पडते?

‘क्रिसिल’ दर महिन्याला घरी बनवलेल्या थाळीचा सरासरी खर्च जाहीर करते. शाकाहारी थाळीत पोळी, कांदा-टोमॅटो-बटाट्याची भाजी, वरण, भात, दही आणि सॅलड धरलेलं असतं. मांसाहारी थाळीत वरणाऐवजी चिकन येतं. गेल्या दोन-तीन वर्षांत शाकाहारी थाळी साधारण २५ ते ३५ रुपयांच्या आसपास फिरत राहिली आहे. टोमॅटो भडकला की आकडा वर जातो, उतरला की खाली येतो आणि प्रत्येक डेस्कवर ‘थाळी महागली’ किंवा ‘थाळी स्वस्त’ असा मथळा लागतो.

या हिशेबात धान्य, डाळी, भाज्या, तेल, मसाले आणि गॅस आहे. कणीक मळणारे हात त्यात नाहीत. यात क्रिसिलची चूक नाही, कारण हा आकडा महागाईचा कल दाखवण्यासाठी काढला जातो. गडबड होते ती आपण तोच आकडा ‘घरच्या जेवणाची किंमत’ म्हणून वापरतो तेव्हा.

शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. ग्राहकाने १० रुपये द्यायचे आणि शहरात थाळीची किंमत ५० रुपये, ग्रामीण भागात ३५ रुपये धरून उरलेली रक्कम सरकारने केंद्रचालकाला द्यायची, अशी ती रचना होती. दोन्ही आकड्यांची वर्षं वेगळी, मापं वेगळी, त्यामुळे सरळ वजाबाकी करता येणार नाही. पण शिवभोजनच्या ५० रुपयांत स्वयंपाक करणाऱ्याची मजुरी, जागेचा खर्च आणि भांडी घासणं हेही भागवायचं असतं. साधं वरण-भात-पोळी-भाजीचं ताट हातांच्या कष्टांसकट कितीला पडतं, याचा सरकारी कागदावरचा अंदाज बहुधा हाच.

हॉटेलचं बिल एवढं का होतं?

समजा, चौघांचं कुटुंब मध्यम दर्जाच्या हॉटेलात गेलं. पनीरची भाजी २८०, दुसरी भाजी २४०, दाल तडका १८०, दहा रोट्या ३००, जिरा राइस १८०, पापड आणि ताक १२०. एकूण १३०० रुपये. त्यावर पाच टक्के जीएसटी म्हणजे ६५ रुपये. बिल १३६५. गोडाचं काही मागवलेलं नाही, पार्किंगचे पैसे धरलेले नाहीत.

ताटातल्या जिनसांचा खर्च साधारणपणे विक्रीच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास ठेवण्याचा हॉटेलवाल्यांचा प्रयत्न असतो. उरलेल्यात जागेचं भाडं, आचारी, वाढपी, व्यावसायिक दराचा गॅस, वीज, वाया जाणारा माल आणि नफा. म्हणजे हॉटेलात आपण जास्त पैसे मोजतो ते मुख्यतः दुसऱ्याच्या कष्टांचे आणि जागेचे. कांदा तिथेही मंडईतूनच येतो.

बिलातल्या दोन गोष्टी मात्र तपासून घ्याव्यात. साध्या रेस्टॉरंटला नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के जीएसटी आहे. सेवा शुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, ही वेगळी गोष्ट. तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. त्यामुळे ‘हे काढून टाका’ असं सांगायला संकोच करण्याचं कारण नाही. ॲपवर तर आणखी थर चढतात. हॉटेलला ॲपचं कमिशन भरायचं असल्याने अनेकदा तिथली मेन्यूची किंमतच चढी असते. वर पॅकिंग, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म शुल्क. हे शेवटचं शुल्क २०२३ मध्ये दोन रुपयांनी सुरू झालं आणि दोन वर्षांतच दोन आकडी झालं. एकदम पन्नास रुपये लावले असते तर ओरड झाली असती.

वेळ धरला तरी घरचंच स्वस्त?

हो, आणि हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. वरचंच जेवण घरी करायचं तर पनीर आहे म्हणून क्रिसिलच्या थाळीच्या दुप्पट, माणशी ६० रुपये धरू. चौघांचे २४०. निवडणं, चिरणं, कणीक मळणं, पोळ्या, फोडण्या, नंतर ओटा आणि भांडी असे दोन तास धरू, तासाला १०० रुपये मानू. एकूण ४४०. हॉटेलच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. मजुरीचा दर दुप्पट केला तरी ६४०. पैशांच्या शर्यतीत घर जिंकतंच.

फरक पडतो तो वाटणीत. वाचलेले पैसे सगळ्या घराचे असतात, ईएमआयमध्ये किंवा मुलांच्या क्लासच्या फीमध्ये जातात. गेलेले दोन तास मात्र एकाच माणसाचे असतात, आणि तो माणूस कोण, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. तरी ते झालेलं आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचे त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. यात फक्त स्वयंपाक नाही, झाडलोट, कपडे असं सगळंच आहे. शिवाय ही सरासरी त्या दिवशी असं काम केलेल्यांपुरतीच आहे. ज्यांनी काडीही इकडची तिकडे केली नाही, ते यात नाहीत. ८८ मिनिटांचा आकडा वाचून खूश होण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

आरोग्याचं काय?

इथेही घराचं पारडं जड आहे. घरी किती तेल, मीठ पडलं हे डोळ्यांसमोर असतं. प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपर्यंतच मीठ खावं, असा सल्ला आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे; हॉटेलच्या ग्रेव्हीत, पापडात, लोणच्यात त्यातलं किती गेलं हे ग्राहकाला कळत नाही. मेन्यूवर कॅलरी लिहिण्याचा एफएसएसएआयचा नियम प्रामुख्याने दहा किंवा अधिक शाखांच्या साखळ्यांना लागू आहे, कोपऱ्यावरच्या हॉटेलला नाही.

पण ‘घरी खाल्लं’ म्हणजे ‘घरचं खाल्लं’ असंही राहिलेलं नाही. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या मासिक खर्चापैकी ११ टक्क्यांच्या आसपास वाटा पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा होता. खाद्यपदार्थांच्या कोणत्याही गटापेक्षा जास्त. बिस्किटं, फरसाण, नूडल्स हे सगळं घरच्याच डब्यांत असतं.

मग गरम पोळी कोण खातं?

मराठी घरात ‘एकत्र जेवण’ या शब्दाला एक अपवाद चिकटलेला असतो. तव्यावरची पोळी थेट ताटात पडावी ही घरच्या जेवणातली सर्वांत मोठी चैन. ती पुरवायची तर एका व्यक्तीला तव्यापाशीच राहावं लागतं. बाकीचे जेवून उठतात, मग ती उरलेली भाजी आणि गार झालेला भात घेऊन बसते. हॉटेलात जायचं म्हटल्यावर आई लगेच तयार होते, ती पनीरसाठी असेलच असं नाही. तिथे तिच्यापुढेही गरम रोटी येते, सगळ्यांच्या बरोबर, आणि मध्येच उठून कोणाला काही वाढावं लागत नाही.

कुटुंबाने एकत्र जेवण्याचे फायदे सांगणारे अभ्यास अनेक देशांत झाले आहेत. एकत्र जेवणाऱ्या घरांतली मुलं भाज्या आणि फळं जास्त खातात, असं त्यांत वारंवार दिसतं. हा परिणाम जेवणाचा की मुळात ज्या घरांत वेळ आणि पैसा आहे त्या घरांचा, हा वाद अभ्यासकांमध्येच आहे. तो बाजूला ठेवू. एकत्र जेवण चांगलंच म्हणायचं तर घरातली सगळी माणसं त्यात धरायला हवीत. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या तर त्या थोड्या कमी गरम लागतील, एवढीच त्याची किंमत आहे.

मधला रस्ता आपल्याकडे आहेच

घर आणि हॉटेल यांच्या मधली जागा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायचे खानावळवाल्या बायांकडे. महिन्याचे पैसे पगारावर. या बायांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांच्या स्वयंपाकाला तेव्हाही ‘घरगुती’ म्हणत, पण त्याचे पैसे मोजले जात. हा फरक मोठा आहे.

पुणे, ठाणे, डोंबिवलीतली आजची पोळी-भाजी केंद्रं त्याच वळणाची. संध्याकाळी सात-साडेसातला तिथे ऑफिसमधून परतणाऱ्यांची रांग असते. स्वयंपाकातलं सर्वांत वेळखाऊ काम, म्हणजे पोळ्या, तिथून आणायच्या आणि भाजी-आमटी घरी करायची, असा हिशेब अनेक घरांनी आपापला बसवला आहे. आठवड्यातले दिवस असे काढता आले, तर रविवारी हॉटेलात जायचं की नाही हा प्रश्न थकव्याचा न राहता हौसेचा होतो. आणि घरात दोन-तीन मोठी माणसं असतील तर वार वाटून घेता येतात. त्याला ‘बायकोला मदत’ म्हणण्याचं कारण नाही. जेवणारे सगळेच आहेत.

अडचण एवढीच, की या केंद्रांतही पोळ्या लाटणाऱ्या बहुतेक बायकाच असतात आणि त्यांच्या दराबाबत आपण फार जागरूक असतो. पोळीमागे रुपया वाढला की सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा रंगते. ॲपचं शुल्क वाढल्याचा स्क्रीनशॉट त्या ग्रुपवर सहसा येत नाही.