समुद्राकडची खोली

'हॉटेल' हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे डोळ्यांसमोर बिछाना येत नाही, भजी येतात. आमच्या डोलवीच्या माणसाला तर हॉटेल म्हणजे वडखळ नाक्यावरची बाकडी, आणि मागच्या गिऱ्हाइकाचा टेबलावरचा ओघळ पुसायच्या आत येऊन आदळणारी मिसळ. त्यामुळे "आम्ही दोघे मुंबईला एक रात्र हॉटेलात राहणार आहोत," असे मी घरात जाहीर केले तेव्हा आमच्या मातोश्रींनी निरागसपणे विचारले, "रात्रभर काय चहा पीत बसणार?"

खुलासा केल्यावर मात्र निरागसपणा संपला. "हॉटेलात? निजायला? गिरगावात तुझी मावशी आहे ना रे अजून?"

या प्रश्नात आपल्या समाजाचे सगळे मुक्कामशास्त्र आले. परगावी आपले माणूस असताना पैसे देऊन झोपणे म्हणजे त्या माणसाशी उघड वैर मांडणे. लॉज असतात ते कोर्टाच्या तारखेला आलेल्यांसाठी, फिरत्या विक्रेत्यांसाठी आणि ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी. आम्ही सगळे मावशीच्या चाळीत गॅलरीत आडवे होऊन मोठे झालो. सकाळी दूधवाला आमच्या पायांवरून उड्या मारीत जाई. त्यात त्याला किंवा आम्हांला काही वावगे वाटले नाही.

पण या वेळी इलाज नव्हता. आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली म्हणून, जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने परस्पर ताजमहाल हॉटेलातली एक रात्र आमच्या नावावर केली होती, आणि वर फोनवरून बजावले होते, "वहिनी, समुद्राकडचीच खोली सांगितलीय हां! दादाला पुस्तक उघडू देऊ नकोस." त्या एका रात्रीचे भाडे किती, हे मी नंतर हळूच पाहिले. आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांचे महिन्याचे मानधन आठवले आणि तो कागद मी पुन्हा घडी घालून ठेवला.

वाचकांपैकी पुष्कळांनी ताज पाहिले असेल, बाहेरून. आम्ही पेण-अलिबागकडची मंडळी तर ते जन्मभर पाहत आलो. मांडव्याहून लाँच सुटली की तासाभराने गेट वे ऑफ इंडिया आणि त्याच्या मागे तो लाल घुमट उभा राहतो. आमच्या लेखी मुंबई सुरू होते ती तिथे. आणि लाँचमध्ये एक तरी जाणता गृहस्थ असतोच, जो शेजारच्या पोराला सांगतो, "हे हॉटेल उलटे बांधलेय. नकाशा काढणारा साहेब विलायतेला गेला, परत येऊन बघतो तो पुढचे मागे आणि मागचे पुढे! त्याने वरनं उडी टाकली." लहानपणी मीही ही गोष्ट ऐकली, आणि पुढे कॉलेजात शिकवायला लागल्यावर एका सहलीत माझ्याच विद्यार्थ्याने ती मला ऐकवली.

गोष्ट रंगतदार आहे, पण साफ खोटी आहे. आणि तिचा मला राग येतो तो एवढ्यासाठी, की मुळात नकाशा काढणारा साहेब नव्हताच. त्याचे नाव होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा नावाचे पारशी गृहस्थ होते. जमशेटजी टाटांनी अपोलो बंदरावरच्या भरावाच्या जमिनीवर हॉटेल काढायचे ठरवले ते १८९८ च्या सुमाराला, आणि आराखड्याचे काम या दोघांकडे आले. काम पुरे होण्याआधीच, १९०० साली, वैद्य वारले. त्यानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते तडीस नेले. साहेब आला तो मागाहून, आणि त्याने उडीबिडी काही टाकली नाही.

राहिला प्रश्न उलटेपणाचा. हॉटेल उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी. गेट वेची पायाभरणी १९११ ची, आणि ती कमान पुरी होऊन खुली झाली १९२४ साली. म्हणजे ताजला 'तोंड' करून उभे राहायला समोर काही नव्हतेच. होता तो उघडा समुद्र. पाहुणे घोडागाडीतून येणार ते शहराच्या बाजूने, म्हणून दरवाजा शहराकडे ठेवला. जिथे आता पोहण्याचा तलाव आहे त्या अंगाला. इमारतीच्या दोन भुजा तिकडे पसरल्या आणि खोल्यांची लांब रांग वाऱ्यासाठी समुद्राकडे गेली. कोकणातला कुठलाही शहाणा माणूस घर बांधताना हेच करील. पुढे दरवाजा समुद्राच्या बाजूला आला, आणि लोकांनी विचार केला, की ज्या अर्थी आपण आत जातो ती बाजू पुढची, त्या अर्थी बांधणाऱ्याचे चुकले!

अशीच दुसरी गोष्ट, की वॉटसनच्या हॉटेलात जमशेटजींना काळे म्हणून मज्जाव झाला आणि त्या रागापोटी त्यांनी ताज बांधले. हिला पुरावा नाही. जाणकार इतिहासकार ती मानीत नाहीत. रागाने माणूस भिंत बांधील, हॉटेल बांधणार नाही. वॉटसनचे ते हॉटेल मात्र खरे होते, आणि काळ्या घोड्याजवळ त्याचा सांगाडा अजून आहे. इंग्लंडात ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजातून आणून १८६० च्या दशकात ती इमारत उभी केली. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथेच, आणि त्याच वर्षी मार्क ट्वेन तिथे उतरून मुंबईच्या कावळ्यांवर खूष होऊन गेला. पुढे हॉटेल मोडले, खोल्याखोल्यांत कचेऱ्या आणि बिऱ्हाडे आली, आणि २०१९ साली इमारत धोक्याची म्हणून रिकामी करावी लागली. ज्या घरात पाहुणा यायचा थांबला, त्या घराचे हे असे होते.

इथे एक डोलवीची फुशारकी मारून घेतो. आमच्या धरमतरच्या खाडीला आज कोळसा आणि खनिज घेऊन येणारे तराफे दिसतात, कारण काठावर पोलादाचा अवाढव्य कारखाना आहे. वर्षाला एक कोटी टन पोलाद काढण्याची त्याची ताकद. पण एकोणिसाव्या शतकात मुंबईचे साहेब नि मडमा महाबळेश्वरच्या थंड हवेला निघत, तेव्हा ही सगळी नामांकित पाहुणेमंडळी याच खाडीतून आमच्या दारावरून जात. नागोठण्यापर्यंत बोट, पुढे महाडवरून पालखीने नाही तर घोड्यावरून घाट. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ च्या सुमाराला महाबळेश्वरला साहेबांचे ठाणे वसवले, त्यानंतर कित्येक वर्षे ही वाट चालू होती. बोरघाटातून आगगाडी पुण्याला पोचली आणि आमची खाडी मोठ्या लोकांच्या प्रवासातून उठली. तेव्हा आमच्या पूर्वजांनी काठावरून ज्यांना पाहिले असेल, त्यांच्यासारखे एक रात्र राहून बघायला माझी हरकत नव्हती.

तर आम्ही गेलो. आईने मावशीसाठी पेणचे पोह्याचे पापड आणि कुरड्या दिल्या होत्या, त्या पिशवीसकट गेलो. दारावरच्या फेटेवाल्याने ती पिशवी अशा काही अदबीने उचलली, की आमच्या सौ.ला ती परत मागून घ्यावीशी वाटली. खोली उत्तम होती. खोलीचे वर्णन मी करीत नाही. गुळगुळीत कागदावर त्याची चित्रे छापलेली असतात आणि ती खरी असतात. सौ.ने पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे नळ चालवून पाहिले आणि "पाणी चोवीस तास आहे," असा निर्वाळा दिला. आमच्याकडे टँकर येणाऱ्या महिन्यांत जन्म काढलेल्या बाईची ऐषारामाची व्याख्या यापेक्षा वेगळी नसते.

मी पाहायला आलो होतो तो जिना. मधोमध मोठ्या घुमटाखाली तो अधांतरी वर चढत जातो. कडेच्या भिंतींतून निघालेल्या पायऱ्या, खाली आधाराला काही नाही. वळणावर जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. ते योग्यच आहे. बिचाऱ्यांना हॉटेल उघडल्यावर पाचच महिने मिळाले, मे १९०४ मध्ये ते जर्मनीत वारले. भिंतींवर पूर्वीच्या पाहुण्यांच्या तसबिरी लावल्या आहेत: राजे, गाणारे, अध्यक्ष. पहिल्या रात्री सतरा पाहुणे होते, हे प्रत्येक पुस्तकात सापडते. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचे इस्पितळ होते, तेव्हाचे पाहुणे तसबिरीत नाहीत. जुन्या थोर हॉटेलात आपण जे विकत घेतो ते हेच असते. गादी सगळीकडे मऊच, पण अमुक राजा या गादीवर लोळला होता, याची किंमत वेगळी. मला यात काही गैर वाटत नाही. पंढरपूरच्या बडव्यांच्या वह्यांतसुद्धा पूर्वजांच्या सह्या पाहून आपण दक्षिणा वाढवतोच की.

तळमजल्यावर मात्र दुसऱ्या प्रकारची यादी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात इथे प्राण गेलेल्या ३१ जणांची नावे. त्यांत पाहुणे आहेत तसे वाढपी आणि स्वयंपाकी आहेत. या मंडळींना मागच्या वाटा आणि जिने पाठ होते. पाहुण्यांना सोडून पळणे त्यांना सगळ्यांत सोपे होते, आणि त्यांच्यातले कितीतरी पळाले नाहीत. पाहुण्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढताना पुढे उभे राहिले. समुद्राकडच्या या जुन्या अंगाच्या खोल्या पुन्हा उघडल्या त्या १५ ऑगस्ट २०१० रोजी. ती यादी वाचून झाल्यावर, रात्री आमचे जेवण घेऊन आलेल्या मुलाला मी "कुठला रे तू?" असे विचारले. "महाडचा, सर," तो म्हणाला. मग त्याच्याशी बोलणे नागोठण्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर गेले आणि ताटावरची झाकणे जरा उशिराच निघाली.

पहाटे लवकर जाग आली. खिडकीचा पडदा सारला, तर खाली गेट वेच्या पायऱ्यांशी मांडव्याची पहिली लाँच लागत होती. माणसे उतरत होती. डोक्यावर टोपल्या, पाठीला पोरांची दप्तरे, एका म्हातारीला दोघांनी धरून पायरीवर घेतले. वरून माणसे फार लहान दिसतात. त्यांतल्या एकाने मान वर करून घुमटाकडे बोट दाखवले आणि शेजारच्या पोराला काही सांगितले. काय सांगितले ते मला काचेआडून ऐकू आले नाही. पण माहीत होते. खिडकी उघडून ओरडावे, "अहो, सीताराम खंडेराव वैद्य!" असे वाटले खरे. खिडकी उघडता येत होती की नाही हे मी पाहिले नाही.

दहा वाजता गिरगावात पापड पोचते केले. मावशी बोलायला तयार नव्हती. गॅलरीतली गादी तिने आदल्या संध्याकाळी उन्हातून काढून झटकून ठेवली होती, ती तशीच दाराशी गुंडाळलेली, आमच्या नजरेस पडावी अशी. दोन कप चहा झाल्यावर तिने विचारले, "उशी कशी होती तिथली?"

"चार होत्या," सौ. म्हणाली.

"चार!" मावशी म्हणाली. "डोकी दोन ना तुमची?" आणि मग ती हसली, आणि जेवल्याशिवाय जाऊ देईना.

परत जायला लाँच धरली नाही. बोरीबंदरला जाऊ म्हटले. सौ.ने कारण विचारले नाही. पनवेलची लोकल तिथूनच सुटते, तेव्हा कारणाची गरजही नव्हती. मला मात्र होते. १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत जे हे स्टेशन उभे राहिले, ते एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचे म्हणून सारे जग ओळखते. त्या स्टीव्हन्सच्या हाताखाली साहाय्यक अभियंता होते ते हेच सीताराम खंडेराव. म्हणजे या गृहस्थाचा हात मुंबईच्या दोन घुमटांना लागलेला. एकाखाली झोपायला महिन्याचा पगार पडतो. दुसऱ्याच्या इमारतीत रोज लाखो माणसे धावत शिरतात आणि वर बघत नाहीत. २००८ ची ती रात्र या दोन्ही ठिकाणी एकच होती. स्टेशनात पन्नासाहून अधिक माणसे गेली, आणि तीही ताजच्या आधी, घटकाभरात. पण तीन दिवस कॅमेरे लागून राहिले ते समुद्राकडच्या घुमटावर.

तिकीटघरात खांबांवरची दगडी पाने आणि पाखरे नीट पाहत मी थोडा वेळ उभा राहिलो. मागच्याने खांद्याला हात लावून "काका, लाइनीत आहात की नाही?" असे विचारले. आहे म्हटले. पनवेलची दोन तिकिटे घेतली. दुपारची वेळ होती, गाडीला गर्दी नव्हती, सौ.ला खिडकी मिळाली.