आधी ओटा बघा

कॉफीवेड्या माणसाला भेट म्हणून कॉफीचा मग देऊ नका. असे मग त्याच्या कपाटात आधीच रांगेने उभे असतात आणि रोजची कॉफी तो ठरलेल्या एकाच कपातून पितो. द्यायची तर कॉफीच द्या, आणि ती घ्यायला दादरच्या एक स्टेशन पुढे माटुंग्याला जा. पूर्वेला उतरून गजऱ्यांच्या टोपल्यांमधून वाट काढत किंग्ज सर्कलकडे निघालं की भाजलेल्या बियांचा वास नाकात शिरतो. १९४० पासूनचं कॅफे मद्रास याच भागातलं. मैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानात बिया डोळ्यांदेखत दळून मिळतात.

पण तिथे दोन गोष्टी सांगाव्या लागतात: चिकोरी किती आणि दळण कसं. म्हणून म्हणते, आधी त्या माणसाच्या घरचा ओटा बघा. दोन मजली स्टीलचा किंवा पितळी फिल्टर दिसला, तर दळण बेताचं हवं. फार बारीक झालं तर भोकं बुजतात आणि पाणी वरच अडतं. जाड राहिलं तर पाणी भुर्रकन खाली उतरतं, डिकॉक्शन म्हणजे खाली उतरलेला कॉफीचा अर्क पुळचट होतो. चिकोरी हे एक भाजलेलं मूळ. त्यात कॅफीन नसतं, पण डिकॉक्शनला दाटपणा आणि रंग येतो. काहींना कॉफी-चिकोरीचं ऐंशी-वीसच लागतं, काहींना चिकोरीचं नावही चालत नाही. हे आडून आडून विचारून घ्यावं. खास काही द्यायचं असेल तर पीबेरी घ्या. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. कधी एकच धरते, ती गोल, तीच पीबेरी.

गिरगावातल्या आमच्या आत्याकडे मात्र फिल्टर नाही. ती पातेल्यात दूध-साखर उकळते, कॉफी घालते, झाकण ठेवते आणि मग वर जायफळ किसते. तिला माटुंग्याची पूड देऊन काय उपयोग? तिच्यासाठी मी कोकणातली अख्खी जायफळं आणि बोटभर किसणी नेते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' ही जायफळाची जातच काढली आहे, इतकं ते आपल्याकडचं झालंय. जायफळाची तयार पूड मात्र नेऊ नका, तिचा वास लवकर उडतो.

कॉफीचंही तेच. पाव किलोच्या वर घेऊ नका, दळून आणाल त्याच दिवशी पोचवा आणि पुडीवर तारीख लिहा.