जादुगुडाचा गाळ आणि आपली ग्रामसभा

झारखंडच्या पूर्व सिंगभूम जिल्ह्यात जादुगुडा आहे. तिथे संथाल, हो, मुंडा हे आपलेच भाऊबंद राहतात. तिथल्या डोंगरातून सरकारी कंपनी १९६७ पासून युरेनियम काढते. अणुवीज आणि अणुबॉम्ब, दोन्हीला हा धातू लागतो.

एक टन दगड फोडला तरी एक किलो युरेनियमसुद्धा मिळत नाही. बाकीचा दगड पिठासारखा दळतात आणि त्याचा बारीक गाळ पाण्यात कालवून गावाशेजारच्या तळ्यात सोडतात. युरेनियम काढून घेतलं म्हणजे विष गेलं असं नाही. बहुतेक किरणोत्सार त्या गाळातच राहतो. त्यातल्या रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच १६०० वर्षं लागतात. उन्हाळ्यात गाळ वाळतो, धूळ उडते. २००६ च्या डिसेंबरात तर गाळाचा पाइप फुटला आणि गाळ ओढ्यात गेला.

हे किरण दिसत नाहीत, वास येत नाही, चटका बसत नाही. रेडियमपासून रेडॉन वायू निघतो. तो वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. अन्नपाण्यातून रेडियम गेलं, तर शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवतं. युरेनियम मूत्रपिंडाला इजा करतं. आजार वीस-तीस वर्षांनी उठतो, तेव्हा कारण सिद्ध करायचं ओझं आजाऱ्याच्याच डोक्यावर!

जादुगुडात तेच झालं. खाणीजवळच्या गावांत व्यंग असलेली मुलं जास्त जन्मतात, असं २००७ मध्ये डॉक्टरांच्या एका पाहणीत आढळलं. कंपनी म्हणते, याचा किरणोत्साराशी संबंध नाही. मग आमचा सवाल साधा आहे. खाण सुरू होण्याआधी गावाची तब्येत, पाणी, माती तपासून नोंद का ठेवत नाहीत? आधीची नोंद नसेल, तर नंतर कुणीही काहीही नाकारू शकतो.

आणखी एक गोष्ट. सरकार नुकसान एकरात मोजतं. ज्याचा सातबारा गेला त्याला मोबदला. पण धूळ आणि ओढा सातबाऱ्याची हद्द पाळत नाहीत. ज्याची गुंठाभर जमीन गेली नाही, तोही ते पाणी पितो. जंगलातला मोह, तेंदू, मासे सगळ्यांचे. म्हणून खाणीचा प्रश्न फक्त जमीनवाल्यांचा नाही, अख्ख्या गावाचा आहे.

पेसा कायदा १९९६ चा. जमीन घेण्याआधी गावाला विचारावं लागतं. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये ग्रामसभेला जंगल आणि पाणी राखायचा अधिकार दिला. तेव्हा खाण कुठलीही असो, आपल्या रानात मशीन घेऊन माणसं आली तर ग्रामसभेने लेखी विचारावं: काय शोधता? गाळ कुठे टाकणार? खाण संपल्यावर तो कोण सांभाळणार, किती वर्षं? पाणी आणि माणसं बाहेरच्या डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या, कागद आमच्या भाषेत द्या.

उत्तर मिळेपर्यंत सही नाही, अंगठाही नाही.