साथीला कोण?

प्रेझेंटेशन देतो एक जण, टाळ्याही त्यालाच. पण रात्री अकरापर्यंत बसून स्लाइड्स जुळवणारा, क्लायंटने तिरका प्रश्न टाकला की शेजारून हळूच आकडा सरकवणारा? त्याचं नाव शेवटच्या स्लाइडवरही नसतं. तुमच्या टीममध्ये असा एखादा असेलच. कदाचित तुम्हीच असाल!

तिकडे ऑपेरात या माणसाला चक्क पोस्ट असते. अख्ख्या वाद्यवृंदाची बाजू त्याने तालमीत एकट्याने पियानोवर वाजवायची. गायकांकडून सूर, उच्चार, श्वासाच्या जागा घोटून घ्यायच्या. प्रयोगाच्या रात्री मात्र समोर उभा राहणार कंडक्टर. पण गंमत बघा, कितीतरी कंडक्टर याच खुर्चीतून उठून आलेत. जॉर्ज शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात हेच काम करायचा. अंतोनिओ पापानो लहानपणी वडिलांच्या गाण्याच्या शिकवण्यांना साथ करायचा. पुढे २००२ ते २०२४ तो लंडनच्या रॉयल ऑपेराचा संगीत दिग्दर्शक होता.

आपल्याकडे कुठला आलाय ऑपेरा, असं म्हणू नका. संगीत नाटक मग काय होतं? आणि आपल्याकडे गोविंदराव टेंबे होते! १८८१ चा जन्म, कोल्हापूरकडचे. भास्करबुवा बखल्यांसारख्या दिग्गजाच्या मागे बसून पेटीची साथ करणारे. साथ करायची म्हणजे समोरचा पुढे कुठे जाणार ते आधी ओळखायचं, पण त्याच्या आधी तिथे पोचायचं नाही. हे कान घेऊन गोविंदरावांनी १९११ साली किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमान’ला चाली दिल्या. बैठकीतल्या ठुमरी-दादऱ्याचा रंग रंगभूमीवर आला आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून घरोघरी पोचला. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिच्या तीन मालकांपैकी एक गोविंदराव. मग स्वतःची शिवराज मंडळी. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ला संगीत त्यांचं आणि पडद्यावरचा हरिश्चंद्रही तेच! पण आजही जाणकार आधी त्यांच्या पेटीबद्दलच बोलतात.

त्या बिचाऱ्या पेटीला तरी कुठे मान होता? १९४० मध्ये रेडिओने तिच्यावर बंदी घातली. कारण काय, तर परकी, आणि तिच्यातून मींड निघत नाही. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तोवर देवळांत, तालमींत, बैठकींत ती मुकाट वाजतच राहिली.

हे सगळं डोक्यात घोळायला कारण आहे. गेल्या महिन्यात बॉसने विचारलं, ‘आता पुढे येणार का? टीम लीड?’ पगार वाढेल, केबिन मिळेल. पण मला आवडतं ते दुसऱ्याचं काम उभं करणं. ते सुटलं तर?

शुक्रवारी रात्री वीरला उतरले, गावी. देवळात भजन चाललं होतं. बुवांनी पेटी स्वतःकडे ठेवली आणि अभंग म्हणायला दिला एका शाळकरी पोराला. पोरगं घाबरलेलं, दुसऱ्याच ओळीला सूर सुटला. बुवा थांबले नाहीत, डोळेही वटारले नाहीत. पेटीवर त्याचा सूर जरा ठळक धरून ठेवला, बस्स. पोरगं आपोआप जागेवर आलं. टाळकऱ्यांना पत्ताही लागला नाही. शेवटी कौतुक झालं ते पोराचं, आणि सगळ्यात खूश दिसत होते बुवा.

बुवा त्या मंडळाचे म्होरकेच आहेत की! पेटी सोडून म्होरके झालेले नाहीत, पेटीवर बसूनच झालेत.

सोमवारी बॉसला सांगितलं, येते पुढे. पण नव्या पोरांच्या प्रेझेंटेशनला शेजारी मीच बसणार, ही अट.

बॉस हसला. केबिनचं म्हणाल तर अजून मिळालेली नाही. पेटी मात्र आहे!