क्युबात मुक्काम घरीच करावा

प्लाया लार्गा ते प्लाया हिरोन हा क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा साधारण ३५ किलोमीटरचा सपाट रस्ता सायकलवाल्यांच्या खास आवडीचा. एका बाजूला जंगल, दुसरीकडे १९६१च्या आक्रमणामुळे गाजलेला 'बे ऑफ पिग्ज'. वसंतातला पहिला पाऊस पडला की जंगलातले लाखो खेकडे अंडी सोडायला समुद्राकडे निघतात आणि डांबर लाल होऊन जातं. (मालवणी माणसाच्या तोंडाला पाणी सुटेल, पण हे खेकडे खाण्याचे नव्हेत.) चिरडलेल्या कवचांच्या धारदार कडा मोटारीचे टायरही फाडतात, तिथे सायकलची काय कथा! पंक्चर काढणारा मात्र छोट्या गावातही सापडतो.

आणि मुक्कामाला घर सापडतं. दारावर नांगरासारखं निळं चिन्ह दिसलं, की ते 'कासा पर्तिक्युलार', म्हणजे पाहुण्यांना खोली देण्याचा परवाना असलेलं खासगी घर. भाडं साधारण २० ते ३० डॉलर. यजमानीण पासपोर्टची नोंद वहीत करते, सायकल बैठकीच्या खोलीत घ्यायला लावते आणि रात्री काय जेवणार ते सकाळीच विचारून ठेवते. कारण मासे किंवा अंडी कुठे मिळतील, याचा शोध तिला दिवसभर घ्यावा लागतो.

ही व्यवस्था सरकारच्या उदारपणातून आलेली नाही. सोव्हिएत संघ कोसळला, तेल आटलं, डॉलर हवे झाले. लोक चोरूनमारून खोल्या देतच होते. १९९७मध्ये सरकारने त्यांना परवाने दिले आणि कर लावला.

सायकलचंही तेच. बस बंद पडल्या तेव्हा चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आणल्या गेल्या. बोजड, बिनगियरच्या. हवानाच्या खाडीखालच्या बोगद्यातून सायकली नेता येत नसत, म्हणून आसनं काढलेल्या खास बस सुरू झाल्या. माणूस सायकल धरून उभा राही. परदेशी पर्यावरणवाद्यांना या साऱ्याचं फार कौतुक वाटलं. पण त्या वर्षांत क्युबन माणसाचं वजन सरासरी पाच किलोंनी घटलं आणि अपुऱ्या आहारामुळे ५० हजारांहून अधिक लोकांना मज्जातंतूंचा आजार जडला. रिकाम्या पोटी पेडल मारणाऱ्याला हरित क्रांतिकारक म्हणणं ही थट्टाच. पुढे बस परतल्या, तशा अनेकांनी सायकली कोपऱ्यात उभ्या केल्या.

तरीही आज तिथे जाणाऱ्याने सायकल आणि कासा हीच जोडी निवडावी. विन्यालेसच्या खोऱ्यात लाल मातीतली तंबाखूची शेतं आणि चुनखडीचे उभे सुळके पाहायचे, तर वातानुकूलित बसची काच मधे कशाला? शिवाय खोलीचं भाडं थेट यजमानिणीच्या हातात पडतं. सरकारचा ओढा मात्र बड्या हॉटेलांकडे. हवानाच्या २३व्या रस्त्यावर चाळीसहून अधिक मजल्यांचा मनोरा उभा राहिला, तोही लष्कराच्या उद्योगसमूहाने बांधलेला. सरकारी आकडेवारीतच शेतीपेक्षा पर्यटनाच्या बांधकामांवरची गुंतवणूक कितीतरी जास्त दिसते. ऑक्टोबर २०२४मध्ये एक जुनं वीजकेंद्र बंद पडलं आणि अख्खा देश अंधारात गेला. अशा देशात आधी वीजकेंद्रं दुरुस्त व्हायला हवी होती, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. अमेरिकेच्या निर्बंधांनी क्युबाचा गळा आवळला आहे हे खरंच, पण मनोरा बांधण्याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झालेला नाही.

जाणाऱ्याने रोख युरो जवळ ठेवावेत. अमेरिकी बँकांची कार्डं चालत नाहीत. बॅटरी हवीच. भाड्यात पाच डॉलरसाठी घासाघीस करू नये आणि जेवण शक्यतो घरीच सांगावं. परतताना उरलेल्या ट्यूब, पंप, चेनचं तेल शेवटच्या घरी ठेवून यावं. तिथल्या दुकानात या वस्तू असतीलच असं नाही.